सलग रात्रपाळ्यांचा ताळेबंद

लवकर निजावे आणि लवकर उठावे, हा संस्कार मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. ऊन अंगणात उतरले तरी जो अंथरुणात आहे तो आळशी, असा आपला सरसकट समज असतो. ती व्यक्ती घरची सून असेल, तर या समजाला शेजारच्या कुजबुजीचीही जोड मिळते. ज्या घरातील मुलगी किंवा सून रुग्णालयात परिचारिका आहे, त्या घराला मात्र हा संस्कार थोडा बाजूला ठेवून विचार करावा लागतो. सकाळी दहा वाजता ती पाठ टेकते तेव्हा तिचा कामाचा दिवस नुकताच संपलेला असतो. त्या झोपेवर तिचे स्वतःचे आरोग्य अवलंबून असतेच. शिवाय त्याच रात्री ती ज्यांना इंजेक्शन देणार आहे, ज्यांच्या सलाइनवर लक्ष ठेवणार आहे, त्या अनोळखी रुग्णांची सुरक्षितताही काही अंशी त्याच झोपेवर विसंबून असते.

महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांत दिवसाच्या दोन पाळ्या साधारण सहा-सात तासांच्या आणि रात्रीची एकच पाळी सुमारे बारा तासांची असते. रात्री आठच्या सुमारास आधीच्या पाळीकडून ‘ओव्हर’ घ्यायची, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती समजून घेऊन जबाबदारी स्वीकारायची, आणि सकाळी आठला ती पुढच्या पाळीच्या हाती सोपवायची. अशा रात्री कुठे तीन-चार सलग येतात, तर कुठे सहा-सात. दिवसा गजबजलेल्या वॉर्डात रात्री मनुष्यबळ कमी असते. एखाद्या रुग्णाचा श्वास बदलला, कोणाचा रक्तदाब अचानक उतरला, तर ते सर्वप्रथम त्या जागत्या डोळ्यांनाच दिसायचे असते.

शरीरातील घड्याळ

माणसाच्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. झोप, जाग, शरीराचे तापमान, पचन आणि अनेक संप्रेरकांची पातळी त्याच्या तालावर चालते. पेशींमधील या घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंधार पडल्यावर हे घड्याळ मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण सुरू करते आणि शरीराला रात्र झाल्याची सूचना देते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. सतर्कता, निर्णयशक्ती आणि हाताची चपळाईही त्याच सुमारास नीचांकावर येते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला ही वेळ जागून काढायची असते आणि नंतर, घड्याळ ‘उठा’ म्हणून सांगत असताना, झोपायचे असते.

चार रात्री जागल्या की सवय होईल, असे नव्याने नोकरीत आलेल्या मुलींना वाटते. हे घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते, आणि घरी परतताना डोळ्यांवर पडणारे सकाळचे ऊन त्याला पुन्हा मागे खेचते. त्यामुळे आठवडाभर रात्रपाळी केली तरी बहुतेकांचे शरीर पूर्णपणे निशाचर होत नाही. जरा जुळवून घेतले असे वाटू लागते तोच सुट्टी येते आणि सारे पुन्हा उलटते. झोप न लागणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे, ही शरीराची रचना आहे. एवढे समजले तरी अनेक भगिनींच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल.

झोपेचे कर्ज कसे साचते

सलग रात्रपाळ्यांचा हिशेब मांडून पाहावा. समजा, परिचारिका साडेआठला रुग्णालयातून निघाली आणि साडेनऊला घरी पोहोचली. आंघोळ व न्याहारी होईपर्यंत सव्वादहा होतात. संध्याकाळी पावणेसातला पुन्हा निघायचे, त्याआधी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि स्वतःचे जेवण उरकायचे, म्हणजे पाचला उठणे आले. हाती राहिले जेमतेम पावणेसात तास, आणि तेही मध्ये काहीच घडले नाही तर. प्रत्यक्षात दिवसाची झोप उथळ असते, वारंवार मोडते आणि पाच तासांतच संपते. शरीराची गरज साडेसात तासांची धरली, तर रोजची तूट अडीच तासांची. चार रात्रींची तूट दहा तासांची, म्हणजे एका संपूर्ण रात्रीच्या झोपेहून अधिक. थकलेल्या कर्जाप्रमाणे ही तूट पुढच्या दिवसाच्या खात्यावर चढत जाते.

या कर्जाची वसुली कशी होते, याचे आकडे उपलब्ध आहेत. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या अपघातांवरील निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या रात्रीच्या तुलनेत अपघाताचा धोका सलग दुसऱ्या रात्री सुमारे ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ टक्के आणि चौथ्या रात्री ३६ टक्के अधिक आढळला. १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात सलग सतरा तास जागलेल्या माणसांची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसांइतकी घसरलेली दिसली. अमेरिकेतील परिचारिकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदींवर आधारलेल्या २००४ च्या अभ्यासात, साडेबारा तास किंवा त्याहून अधिक काळ काम केल्यास चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे आढळले.

दीर्घकालीन परिणामांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. अमेरिकेत १९७६ साली एक लाख एकवीस हजारांहून अधिक परिचारिकांच्या आरोग्याचा पाठपुरावा सुरू झाला. अनेक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये हृदयविकार व मधुमेहाचे प्रमाण वाढलेले या अभ्यासातून पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले, आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम केला. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीविषयी आहे. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकीला हा आजार होतो असा त्याचा अर्थ नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र नियमित तपासणी टाळू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

रात्र कशी पार करावी

पहिल्या रात्रीची तयारी दुपारीच सुरू होते. सकाळी सहाला उठलेली परिचारिका न झोपता रात्रपाळीला गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती सलग सव्वीस तास जागी असते. म्हणून पहिल्या रात्रीआधी दुपारी दीड-दोन तासांची झोप घ्यावी. त्या दिवशी बँकेची, बाजाराची कामे ठेवू नयेत.

पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात प्रकाश भरपूर असावा. किमान परिचारिकांच्या टेबलावरील दिवा तरी प्रखर असावा. चहा-कॉफी घ्यायची ती मध्यरात्रीच्या आधी, किंवा फार तर एक-दीडपर्यंत. कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेला कडक चहा तेवढ्यापुरता उपयोगी पडतो आणि सकाळी दहाची झोप मात्र हिरावून नेतो.

जिथे विश्रांतीची परवानगी आणि वॉर्ड सांभाळायला दुसरी परिचारिका आहे, तिथे वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी अत्यंत मोलाची ठरते. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात, सरासरी सव्वीस मिनिटांच्या झोपेनंतर त्यांची सतर्कता स्पष्टपणे सुधारलेली दिसली. डुलकीतून उठल्यावर काही मिनिटे मेंदूवर धुके असते. त्या वेळात औषधाची मात्रा मोजू नये. तोंड धुऊन, चार पावले चालून मगच रुग्णाकडे जावे.

पहाटे तीन ते पाच ही सर्वांत जोखमीची वेळ. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारखी औषधे या वेळी द्यायची असतील, तर बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचावे, मात्रा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी आणि रुग्णाचे नाव त्याच्या मनगटपट्टीशी ताडून पाहावे. बँकेत मोठ्या रकमेच्या व्यवहारावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, त्या कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय म्हणून नव्हे. माणूस थकतो, हे पद्धतीने आधीच गृहीत धरलेले असते. त्याच कारणाने नोंदी सकाळी एकदम न लिहिता घडल्या वेळीच लिहाव्यात. सहा वाजता रक्ताचे नमुने, तापमान, मोजमापे आणि ‘ओव्हर’ची तयारी यांची एकच गर्दी उडते, तेव्हा स्मरणावर विसंबणे धोक्याचे असते.

आहाराचा प्रश्न

रात्री पचनसंस्थाही विश्रांतीच्या तयारीत असते. मध्यरात्री खाल्लेल्या तळलेल्या, मसालेदार पदार्थांची शिक्षा पित्त आणि जळजळ यांच्या रूपाने मिळते, हे प्रत्येक परिचारिका जाणते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १९ निरोगी तरुण व्यक्तींना चौदा दिवस प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखी स्थिती निर्माण करण्यात आली. रात्री जेवणाऱ्या गटात रक्तातील साखरेची सरासरी पातळी ६.४ टक्क्यांनी वाढली. केवळ दिवसा जेवणाऱ्या गटात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. प्रयोग लहान आहे, तरी त्याची दिशा विचार करण्यासारखी आहे.

सूर्यास्तानंतर आहार न घेण्याचा नियम जैन घरांतील परिचारिकांना लहानपणापासून परिचित असतो. हा नियम पाळणाऱ्यांनी संध्याकाळचे जेवण घाईत, चार घासांत उरकू नये. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उशिरा उठल्यास जेवायला वेळच उरत नाही, आणि पुढचे बारा तास उभ्याने काम करायचे असते. म्हणून झोपेतून उठताच पूर्ण जेवण तयार मिळेल, अशी व्यवस्था घरातून व्हावी. पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. चौविहारात पाण्याचाही त्याग असतो, तिविहारात पाणी घेता येते. सलग रात्रपाळ्यांच्या दिवसांत कोणता नियम धरावा, हे स्वतःची प्रकृती, डॉक्टरांचा सल्ला आणि गुरुजनांचे मार्गदर्शन यांच्या आधारे ठरवावे. पर्युषणात उपवासाचा संकल्प असल्यास, महिनाभर आधीच ड्युटी बदलून देण्याची विनंती करणे श्रेयस्कर. ज्या रात्री खातात, त्यांनीही मुख्य जेवण ड्युटीवर निघण्यापूर्वी घ्यावे आणि रात्री एखादे फळ किंवा हलके खाणे एवढ्यावर भागवावे.

परतीचा प्रवास

रुग्णांना सांभाळून बाहेर पडलेल्या परिचारिकेला त्यानंतरचा तास सर्वांत असुरक्षित असतो. मुंबईत लोकलमध्ये डोळा लागून स्थानक मागे पडते, तिथे फार तर उलट गाडी पकडावी लागते. लहान शहरात दुचाकीवर क्षणभर मिटलेली पापणी मात्र जिवावर बेतू शकते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर स्वतः गाडी चालवणे शक्यतो टाळावे. घरातील कोणी न्यायला यावे, नाही तर रिक्षा वा बस घ्यावी. तेही जमत नसेल, तर निघण्यापूर्वी रुग्णालयातच वीस मिनिटे डोळे मिटून बसावे. रिक्षाने वा बसने परतताना काळा चष्मा लावल्यास सकाळच्या उन्हाचा जोर कमी होतो आणि घरी झोप लवकर लागते.

शेवटच्या रात्रीनंतर सकाळी दोन-तीन तासांचीच झोप घ्यावी, दुपारी उठून घरात, उजेडात वावरावे आणि रात्री वेळेवर झोपावे. त्या दिवशी दिवसभर झोपल्यास रात्र पुन्हा जागून काढावी लागते आणि सुट्टीचा एक दिवस वाया जातो. झोपेच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत. मेलाटोनिनची गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. मासिक पाळीतील अनियमितता, सततची चिडचिड, विनाकारण रडू येणे, सुट्टीतही झोप न लागणे ही लक्षणे अंगावर काढण्याची नव्हेत.

घराची जामीनकी

येथवर सांगितलेले सारे परिचारिकेने स्वतः करायचे आहे. पण सर्वांत मोठी गोष्ट तिच्या हाती नाही. दिवसाची अखंड झोप तिला घरच्यांनी द्यायची असते.

दुपारच्या एका सामान्य घरातील आवाज मोजून पाहावेत. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, दाराची बेल, कुरिअरवाला, भंगारवाल्याची हाक, वरच्या मजल्यावरचे ड्रिल, शाळेतून आलेले मूल, दूरदर्शनसंचावरील मालिका आणि ‘फक्त दोनच मिनिटे’ म्हणून आलेला नातेवाइकांचा फोन. यातील प्रत्येक आवाज क्षुल्लक आहे, आणि प्रत्येकाने एकेक वेळ झोप मोडली की पाच तासांची झोप तुकड्या-तुकड्यांची होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण गोंगाटाला दिले आहे. विनाकारण केलेला आवाज ही रुग्णाशी केलेली निर्दयता आहे, असा त्यांचा आग्रह होता. रात्रभर रुग्णासाठी जागलेल्या परिचारिकेलाही हे तत्त्व तितकेच लागू पडते.

घराने करायच्या गोष्टी खर्चिक नाहीत. एका खोलीला जाड, गडद पडदा लावावा. दाराची बेल चार-पाच तास बंद ठेवावी. कुकर ती घरी पोहोचण्यापूर्वीच लावून घ्यावा. तिचा भ्रमणध्वनी तिच्याजवळ न ठेवता घरातील मोठ्या व्यक्तीने सांभाळावा आणि निकडीचे असेल तरच उठवावे. विदर्भ-खानदेशात उन्हाळ्याच्या दुपारी पारा पंचेचाळिशीकडे जातो. तिथे ती घरी येण्याआधी कूलरमध्ये पाणी भरून ठेवणे, हीसुद्धा एक सेवाच आहे. लहान मूल असेल, तर आजी-आजोबांनी किंवा वडिलांनी त्या वेळेपुरते त्याला पूर्णपणे सांभाळावे. ‘आई झोपली आहे’ एवढे सांगून मुलाला त्याच खोलीच्या दारात खेळायला बसवण्याने कोणाचेच भले होत नाही.

याहून अवघड आहे ते मनाचे वळण. सकाळच्या मुहूर्ताच्या लग्नाला ती आली नाही, पाहुण्यांसमोर चहा घेऊन बाहेर आली नाही, तर ‘ती झोपली आहे’ हे वाक्य घरच्यांनी संकोचाने नव्हे, ताठ मानेने सांगावे. ‘रात्री कामावर होती, आज रात्री पुन्हा जायचे आहे’ एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे. हे वाक्य सासूच्या तोंडून आले, तर त्याला जे वजन येते ते स्वतः सुनेच्या बोलण्याला येत नाही. कर्जाला जामीन राहणारा माणूस केवळ कागदावर सही करत नाही, वेळ आल्यास भार उचलण्याची हमी देतो. परिचारिकेच्या झोपेला तिचे कुटुंब अशा अर्थाने जामीन असते.

संस्थांचे दायित्व

कुटुंब कितीही समजूतदार असले, तरी ड्युटीचा तक्ताच अन्यायकारक असेल तर त्याचा उपाय घरात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने परिचारिकांच्या सेवाशर्तींविषयी १९७७ मध्ये आणि रात्रीच्या कामाविषयी १९९० मध्ये स्वतंत्र करार संमत केले. दुसऱ्या करारात रात्रपाळी करणाऱ्यांना विनामूल्य आरोग्य तपासणी, प्रकृतीमुळे अपात्र ठरल्यास शक्य तेथे योग्य पर्यायी काम, आणि प्रसूतीच्या आगेमागे मिळून किमान सोळा आठवडे रात्रीच्या कामाला पर्याय, अशा तरतुदी आहेत. आपल्याकडील रुग्णालयांच्या विश्वस्तांनी आणि व्यवस्थापनांनी निदान हे मापदंड डोळ्यांसमोर ठेवावेत.

समाजातील अनेक दानशूर व्यक्ती रुग्णालये व दवाखाने चालवणाऱ्या न्यासांशी जोडलेल्या असतात. नवे यंत्र घेताना फलकावर नाव लागते. परिचारिकांच्या विश्रांतिकक्षात दोन स्वच्छ पलंग आणि एक पंखा बसवला तर कदाचित लागणार नाही. पण सलग रात्री कमी ठेवणे, पाळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवणे, तक्ता निदान दोन-तीन आठवडे आधी जाहीर करणे आणि रात्री वॉर्डात परिचारिकेला एकटी न सोडणे, या गोष्टी रुग्णाच्या सुरक्षिततेत यंत्राइतकीच भर घालतात.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर लोकांनी दारा-खिडक्यांत उभे राहून थाळ्या वाजवल्या आणि डॉक्टर-परिचारिकांचे आभार मानले. त्या कृतज्ञतेत खोट नव्हती. आज ती कृतज्ञता व्यक्त करण्याचा मार्ग अधिक सोपा आणि अधिक शांत आहे. आपल्या घरात, शेजारी किंवा इमारतीत रात्रपाळी करणारी परिचारिका कोण आहे, हे माहीत करून घ्यावे आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात तिच्या दाराची घंटा वाजवू नये.